भांडी वितळण्याआधी : महाराष्ट्रातल्या वस्तुसंग्रहालयांच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सरकारी आणि सार्वजनिक वस्तुसंग्रहालयांचे संचालक, विश्वस्त, अभिरक्षक,
आणि राज्याचं सांस्कृतिक धोरण ठरवणारे सर्व जण

सप्रेम नमस्कार.

सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांच्या सीमेवरच्या एका तालुक्याच्या गावात माझं भांड्यांचं दुकान आहे. आजोबांनी ते सुरू केलं, वडिलांनी वाढवलं, आता मी बसतो. हे पत्र लिहायला कारण घडलं ते असं. आमच्या भागातल्या एका संग्रहालयात स्वयंपाकघराचं छोटं दालन होतं. चूल, जातं, पाटा-वरवंटा, रांजण, मडक्यांची उतरंड आणि पितळेची काही भांडी, एवढंच. गेल्या वर्षी ते बंद झालं. वस्तू गोणपाटात बांधून मागच्या खोलीत गेल्या आणि त्या जागी मोठा पडदा लावून चित्रफिती दाखवायची सोय झाली. मी विचारायला गेलो तेव्हा उत्तर मिळालं की या वस्तू सगळीकडे मिळतात, त्यात दुर्मीळ असं काही नाही.

हे उत्तर मला मान्य नाही. त्या वस्तू आता सगळीकडे मिळत नाहीत. त्या कुठे जातात हे मला रोज दिसतं, कारण त्या माझ्या दुकानातून जातात.

आमच्या धंद्यात मोड हा रोजचा व्यवहार आहे. गिऱ्हाईक जुनं पितळ, तांबं घेऊन येतं. आम्ही काटा करतो, घट वजा करतो, त्या दिवसाचा मोडीचा भाव लावतो आणि तेवढ्या किमतीचं स्टील किंवा नॉनस्टिक देतो, नाहीतर रोख. घंगाळ, बंब, हंडा, चरवी, कासंडी, वेळणी, परात, ओगराळं, पाण्याची कळशी, दुधाचं गंज, काट्यावर सगळ्यांचं फक्त वजन होतं. पोती भरली की व्यापारी टेम्पो घेऊन येतो आणि माल भट्टीकडे जातो. जामनगरसारख्या ठिकाणी जुन्या पितळेचे नळाचे आणि यंत्रांचे सुटे भाग होतात. विकणाऱ्यांना मी दोष देत नाही. कुणाच्या घरी लग्न असतं, कुणाचा दवाखाना असतो, कुणाचा वाडा पडून तिथे दोन खोल्यांचा फ्लॅट आलेला असतो. त्यांनी ती भांडी पिढ्यान् पिढ्या सांभाळली. पण समाजाच्या वतीने सांभाळायची जबाबदारी ज्यांची, ते तुम्ही आहात.

भांड्यावर नाव घालायची आपल्याकडे जुनी पद्धत. पूर्वी टोकदार पोलादी खिळा आणि छोटी हातोडी घेऊन एकेक ठिपका मारत अक्षर काढायचे, नंतर विजेवरचं यंत्र आलं. काठाच्या खाली, नाहीतर तळाला, नाव असतं, गाव असतं, कुणी कुणाला कशासाठी दिलं ते असतं आणि पुष्कळदा सालही असतं. माझ्याकडे मोडीत आलेली एक परात आहे. तिच्यावर लेकीचं नाव, माहेरचं गाव आणि ‘शके १८६९’ असं आहे, म्हणजे स्वातंत्र्याचं साल. त्याखाली वेगळ्या वळणाच्या अक्षरांत दुसऱ्या बाईचं नाव आहे, आडनाव तेच. ती सून असावी. परातीच्या मधोमध पीठ मळून मळून पत्रा इतका झिजलाय की उजेडासमोर धरली तर बारीक भोकं दिसतात. आपल्या सातबाऱ्यावर, देणी-घेण्याच्या कागदांवर, वाड्याच्या दगडांवर शोधलं तर बायकांची नावं क्वचित सापडतात. भांड्यांवर ती घरोघर सापडतात. बाईच्या मालकीचा एवढा मोठा लेखी पुरावा या राज्यात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही, आणि तो आपण किलोच्या भावाने वितळवतो आहोत.

अशी नावं असलेली, किंवा घडणीत काही वेगळं असलेली भांडी मी बाजूला काढतो आणि मोडीचा भाव खिशातून भरतो. दुकानाच्या माळ्यावर ती साठली आहेत. ती मी एका संग्रहालयाला विनामूल्य देऊ केली, तेव्हा सांगण्यात आलं की वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी असल्याचा पुरावा लागेल.

इथून माझ्या तक्रारी सुरू होतात.

पहिली तक्रार या शंभर वर्षांच्या अटीची. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात ही मर्यादा आहे, हस्तलिखितांसाठी ती ७५ वर्षं आहे, हे मला ठाऊक आहे. पण तो कायदा मौल्यवान पुराणवस्तूंची चोरटी निर्यात थांबावी, त्यांच्या व्यापारावर नजर राहावी म्हणून झाला. संग्रहालयाने काय जपावं आणि काय नाकारावं हे तो सांगत नाही. रोज चुलीवर चढणारं भांडं शंभर वर्षं टिकतच नाही. तळ झिजतो, भोक पडतं, जोड लावून घेतात, पुन्हा गळतं आणि ते मोडीत जातं. शंभर वर्षं टिकतं ते वापरात नसलेलं, श्रीमंताच्या देवघरातलं किंवा कोठीतलं. म्हणजे तुमची अट पाळली तर राबलेली भांडी बाद होतात आणि दाखवायची तेवढी उरतात. मातीच्या, लाकडाच्या, बांबूच्या वस्तूंचं तर विचारूच नका. काठवट, शिंकं, कणगी, शिरवळ्यांचा लाकडी साचा, खानदेशात मांडे भाजायचं खापर, यांतली कुठली वस्तू शंभर वर्षं पुरावा देत उभी राहील?

दुसरी तक्रार तुम्ही जे ठेवलं आहे ते कसं ठेवलं आहे याबद्दल. पाटीवर ‘दगडी जातं’ एवढंच लिहिलेलं असतं. कुठल्या दगडाचं, कुणाच्या घरातलं, कुणी घडवलं, काही नाही. जात्याच्या दोन तळ्या घासून गुळगुळीत झाल्या की पीठ जाडंभरडं पडतं. मग टाकी मारून घ्यावी लागते. गावोगाव फिरून हे काम करणाऱ्यांची पोटं त्यावर चालत. पहाटे दोघी समोरासमोर बसत, एकच खुंटा दोघींच्या हातात, एकीने दुसऱ्या हाताने मूठ मूठ दाणे वैरायचे. बाजरी वेगळी वैरायची, डाळ भरडताना वेगळी. यातलं काहीही पाटीवर नाही. आणि बाईने जात्यावर काय म्हटलं ते तर नाहीच. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासरचा जाच, भावाची वाट, पंढरीची वारी, बाबासाहेबांवरची माया, सगळं त्यांत आहे. तो ठेवा आज इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतो. मग तुमच्या दालनात जातं मुकं का? जात्याशेजारी एक ऐकायचं यंत्र लावायला किती खर्च येतो?

अपवाद आहेत आणि ते मी आदराने सांगतो. पुण्यात दिनकर केळकर यांनी आयुष्यभर हिंडून अडकित्ते, दिवे, पळ्या, डाव, खलबत्ते, सोरे जमवले आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभं केलं. तिथे २० हजारांहून अधिक वस्तू आहेत. विड्याची सुपारी कातरायचा एक अडकित्ता, पण त्याचे किती घाट असू शकतात हे तिथे पाहिल्यावर माझ्यासारख्या भांडीवाल्याचेही डोळे उघडले. पण हे एका माणसाच्या वेडातून झालं. त्या वेडाला आता शंभरेक वर्षं झाली, आणि त्यानंतर राज्याने स्वतःहून काय केलं, हा प्रश्न तिथेच राहतो.

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त बोचते. खाद्यसंस्कृती म्हटलं की आपल्याकडे चांदीचं ताट, केळीचं पान, भोवती रांगोळी आणि उजव्या-डाव्या बाजूला काय वाढावं याचं चित्र निघतं. ते असावं. पण ते महाराष्ट्राचं जेवण आहे असं सांगू नका. बहुसंख्य महाराष्ट्राने भाकरी, पिठलं, ठेचा, रानभाज्या, आंबील खाऊन दिवस काढले आणि पुष्कळ दिवस तेही न खाता काढले. भुकेचं दालन नसलेलं अन्नाचं संग्रहालय आमच्या भागात कुणाला पटणार नाही.

१९७२ चा दुष्काळ अजून लोकांच्या तोंडी आहे. आई सांगायची, रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो मिळायचा. लालसर दाणा, आपल्या जोंधळ्यासारखा दिसणारा, पण पिठाला चिकटपणा नाही. भाकरी थापताना कडेने फाटायची, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे व्हायचे, गरम पाण्यात उकड काढून मळली तर कशीबशी जमायची. माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या मातीला जायची आणि पोरांना सुकडी मिळायची. त्या कामांमधूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला, जो नंतर देशाने घेतला. या सगळ्याची एकही वस्तू मला कुठल्या दालनात दिसली नाही. रेशनकार्ड नाही, खडी फोडायची हातोडी नाही, सुकडी वाटायचं माप नाही. ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. अजून काही वर्षांनी मिलोची भाकरी कशी थापली हे सांगणारं कुणी उरणार नाही.

आणि भूक फक्त पावसामुळे येत नव्हती. सामाईक विहिरीचं पाणी, देवळाच्या पंक्ती, हॉटेलातला वेगळा कप, मेलेल्या जनावराचं मांस खायला लावणारी रीत, हासुद्धा आपल्या अन्नाचा इतिहास आहे. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली घरचा हौद सगळ्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. या दोन गोष्टी अन्न-पाण्याच्या संग्रहालयात दर्शनी भागात हव्यात. माझ्या माळ्यावर मोठमोठी पातेली आहेत, गावच्या लग्नात वापरायची सामाईक भांडी, काठावर वस्तीचं नाव आणि क्रमांक घातलेली. गाव एक, पण भांड्यांचे संच वेगळे, वस्तीवार. ही पातेली मांडून ठेवली आणि खाली खरं काय ते लिहिलं तर शाळेतल्या मुलांना वेगळं काही शिकवावं लागणार नाही.

मुंबईतल्या गिरण्यांच्या भागात कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका, त्यांच्या खानावळी आणि प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र आणून उभं केलेलं अन्नपूर्णा महिला मंडळ, हेही याच दालनात बसतं. डोंगरातली नागली, वरई, मोहाची फुलं, कडू कंद रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून खाण्याजोगा करायची युक्ती, ही विद्या ज्यांची आहे त्या आदिवासी घरांतून ती त्यांच्याच तोंडून नोंदवली गेली पाहिजे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, त्यांना पद्मश्री मिळाली. पण अशा घरगुती बियाणे बँकेचं आणि आपल्या संग्रहालयांचं काही नातं जुळलेलं मला तरी दिसलं नाही.

चौथी तक्रार थोडक्यात. भौगोलिक मानांकनाची प्रमाणपत्रं आपल्या राज्याने भरपूर मिळवली. मंगळवेढ्याची ज्वारी, सांगलीची हळद, कोल्हापूरचा गूळ, भिवापूरची मिरची, आजऱ्याचा घनसाळ, लासलगावचा कांदा, कोकणचा हापूस आणि कोकम. प्रमाणपत्र बाजारासाठी असतं. त्या पिकामागची जागा, हत्यारं आणि हात जपायचं काम ते करत नाही.

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं घ्या. जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद, आत पोट मोठं, आतून सारवून पाल्याचा थर दिलेला. त्यात हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नाही, आतली कोंडलेली हवा जीव घेते. ती जाऊ देतात, मगच माणूस उतरतो. ना वीज, ना औषध, आणि मालाचा रंगही टिकतो. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवं पाण्याखाली जाऊन निकामी झाली. जी उरली आहेत त्यांतलं एक तरी दुरुस्त करून लोकांना नीट पाहता येईल असं ठेवावं, हे इतक्या वर्षांत कुणाला सुचू नये याचं मला फार वाईट वाटतं. आणि इथे एक गोष्ट आठवते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत चुली सापडल्या, धान्य साठवायचे खड्डे सापडले, जळालेले जवाचे दाणे सापडले. जमिनीत धान्य ठेवायची अक्कल आपल्याकडे किती जुनी आहे पाहा. इनामगावचा खड्डा आणि हरिपूरचं पेव एका भिंतीवर शेजारी शेजारी दाखवलं तर त्यासारखा धडा नाही.

गुऱ्हाळाचंही तेच. काहिलीत रस उकळत असताना मळी कधी काढायची, चुलवाणात चिपाड किती सारायचं, पाक कधी उतरवायचा, हे गुळव्या नुसत्या नजरेने आणि बोटांनी ठरवतो. कागदावर ते कुठेच नाही.

कल्हईवाले तर जवळजवळ संपलेच. आमच्या गल्लीत पूर्वी सणाआधी भाता लागायचा. भांडं घासून भट्टीवर तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ती वितळलेली धार आतून गरगर फिरवायची, मग थेट गार पाण्यात. डोळ्यांदेखत काळं भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. कल्हई नसलेल्या पितळेत ताक-आमटी कळकते, म्हणून घरोघर हे करावंच लागे. कल्हई करणारे गेले म्हणून लोक पितळ वापरेनात, आणि वापरेनात म्हणून मोडीत घालतात. एक कसब मेलं की त्यामागे सगळं घरच रिकामं होतं. पंजाबातल्या जंडियाला गुरू इथल्या ठठेऱ्यांच्या पितळ-तांब्याच्या कामाला २०१४ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम, म्हणजे हातोडीचे ठोके देत तांबं-पितळ घडवायचं काम, आणि राज्यभरचे कल्हईवाले यांची नोंद करायला आपल्याला कुणी अडवलं होतं?

जमत नाही असं म्हणायला जागा नाही, कारण इतरांनी करून दाखवलंय. अहमदाबादला सुरेंद्र पटेल यांनी १९८१ साली ‘विचार’ नावाचं भांड्यांचंच संग्रहालय काढलं, मोडीत जाणारी चार हजारांहून अधिक भांडी तिथे वाचली. गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी टाकून दिलेली शेतीची आणि घरकामाची अवजारं जमवून ‘गोवा चित्र’ उभं केलं, आणि कांदोळीला फेणीचं संग्रहालय आहे. केंद्राच्या अन्न महामंडळाने २०२१ साली तंजावरला धान्य आणि साठवणुकीचं संग्रहालय उघडलं, खर्च सुमारे १ कोटी १० लाख रुपये. महामंडळाचं पहिलं कार्यालय १९६५ साली तिथेच सुरू झालं होतं, म्हणून ती जागा. ज्या तंजावरात भोसल्यांनी जवळपास पावणेदोनशे वर्षं राज्य केलं, ज्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्या दरबाराची पाककृतींची हस्तलिखितं जपलेली आहेत, तिथे हे झालं याचा मला आनंदच आहे. पण मग महाराष्ट्रात का नाही? परदेशातलं सांगायचं तर स्वित्झर्लंडमध्ये वेवेला १९८५ पासून अन्नाचं संग्रहालय आहे, सोलला १९८६ पासून किमचीचं. एका लोणच्याचं संग्रहालय चालतं. आपल्याकडे लोणच्याची बरणी, ती झाकायचा दादरा आणि ती भरणाऱ्या हातांची काही किंमत आहे की नाही?

आता मागण्या. मला योजनेची भाषा येत नाही, साध्या शब्दांत लिहितो.

संग्रहालयांच्या गोदामांत बांधून ठेवलेल्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंची यादी, छायाचित्रांसह, एका वर्षात लोकांसमोर ठेवा. कुणाकडून आली, कुठल्या गावची, हे जिथे माहीत असेल तिथे लिहा. जिथे माहीत नसेल तिथे तसं लिहून लोकांना विचारा, लोक सांगतील.

घरगुती आणि शेतीच्या वस्तूंसाठी शंभर वर्षांची अट काढून टाका. त्याऐवजी वस्तूमागची हकीकत आणि देणाऱ्याचं नाव ही अट घाला. १९७० चं स्टीलचं पहिलं ताट आणि बोहारणीकडून जुन्या साड्यांवर घेतलेला डबाही उद्याचा इतिहास आहे.

प्रत्येक जिल्ह्यात मोडीच्या व्यापाऱ्यांची नावं संग्रहालयाने लिहून ठेवावीत आणि आम्हाला साधी सूचना द्यावी: नाव घातलेलं किंवा वेगळ्या घडणीचं भांडं आलं तर बाजूला ठेवा, महिन्यातून एकदा आमचा माणूस येऊन पाहील. पसंत पडेल त्याला मोडीचा भाव आणि वर थोडी रक्कम द्यावी, बाकीचं भट्टीला जाऊ द्यावं. भट्टीला जाण्यापूर्वी नावांचे फोटो मात्र सगळ्यांचे काढावेत. यात फार पैसा लागत नाही. माझ्यासारखे दुकानदार हे काम फुकट करतील, विचारून तरी पाहा.

राज्याचं अन्न-संग्रहालय उभं करा, आणि ते मुंबई-पुण्यात नको. मुख्य इमारत मंगळवेढ्यासारख्या ज्वारीच्या गावात व्हावी. दुष्काळात दामाजीपंतांनी तिथलं सरकारी धान्याचं कोठार भुकेल्यांना खुलं केल्याची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. भुकेच्या आणि धान्याच्या संग्रहालयाला याहून योग्य जागा मला सुचत नाही. हरिपूरचं एक पेव, कोल्हापूर भागातलं चालू गुऱ्हाळ, खानदेशातली एक मांड्यांची चूल, कोकणातलं एक आगर ही त्याची अंगं असावीत, त्या त्या गावातल्या लोकांनीच चालवलेली आणि त्यांना त्याचा मोबदला मिळणारी.

संग्रहालयाच्या सल्लागार मंडळात निम्म्याहून अधिक बायका असाव्यात, आणि त्यांत रोज रांधणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, खानावळ चालवणाऱ्या, दलित आणि आदिवासी वस्त्यांतल्या बायका असाव्यात. पंचतारांकित हॉटेलांचे आचारी पाहुणे म्हणून यावेत.

कल्हईवाले, तांबट, कुंभार, बुरूड, पाथरवट, गुळवे यांना महोत्सवापुरतं बोलावून सत्कार करू नका. त्यांना संग्रहालयाच्या पगारपत्रकावर घ्या, हाताखाली शिकाऊ मुलं द्या. संग्रहालयातली भांडी त्यांच्याकडूनच कल्हई करून वापरात ठेवा आणि वर्षातून काही दिवस त्यांत शिजवून लोकांना वाढा.

आणि सत्तरीच्या पुढच्या बायका-पुरुषांच्या आठवणी या वर्षीच ध्वनिमुद्रित करायला घ्या. १९७२ पासून सुरुवात करा. इमारतीसाठी थांबता येईल, या कामासाठी थांबता येणार नाही. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या मुलांना मोबाइल हातात देऊन पाठवलं तरी काम सुरू होईल.

माझ्या माळ्यावरची भांडी मी आजही द्यायला तयार आहे. पैसे नकोत, दारावर माझं नाव नको. तीनच अटी आहेत. प्रत्येक भांड्यावर घातलेलं नाव जसंच्या तसं वाचून पाटीवर लिहिलं जावं. जी भांडी मांडायला जागा नसेल ती गोणपाटात न बांधता, कुणी मागितली तर दाखवता येतील अशी ठेवली जावीत. आणि ज्या घरांतून ती आली त्या घरच्या माणसांना तिकीट न घेता आत सोडावं.

या पत्राचं उत्तर मला टपालाने पाठवायची गरज नाही. वर्तमानपत्रात द्या, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल. तोपर्यंत दुकानात येणाऱ्या मोडीतून जमेल तेवढं मी बाजूला काढत राहीन.

आपला,
भांड्यांचा एक दुकानदार